न सांगितलेली गाडी

अण्णा, गाडी सांगितल्याशिवाय खाली उतरायचं नसतं, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. बदलीचा ड्रायव्हर केबिनमध्ये चढला की आधीच्यानं पायरीवर उभं राहून त्याला गाडी सांगायची. ब्रेक जरा उशिरा धरतो, दुसरा गिअर कडक आहे, मागचं डावं चाक बघून घे. लॉगशीटवर लिहिलेलं असलं तरी तोंडानं सांगायचंच. एकतीस वर्षं तुम्ही एसटी चालवलीत, नांदेड, लोहा, अहमदपूर, लातूर आणि परत, आणि एकदाही न सांगता गाडी दिली नाही, असं छाती पुढं काढून सांगायचात. शेवटची गाडी मात्र माझ्या ताब्यात दिलीत ती एक अक्षर न बोलता. मी रागावले आहे तुमच्यावर. रडून झालं, राग अजून आहे.

आणि उभी तरी कुठं केलीत? पृथ्वीपासून एकवीस हजार प्रकाशवर्षं लांब, एका करड्या, भलत्याच जड ग्रहावर.

हे लोकांना समजावून सांगता सांगता माझी पुरेवाट झाली. तुम्ही गेल्यावर, पुण्यानुमोदनाच्या दिवशी मावशीनं विचारलं, तुझे अण्णा दिवसभर त्या कम्प्युटरवर काय करायचे गं? मी म्हटलं, गाडी चालवायचे. तिला ते लगेच पटलं, आणि खोटंही नव्हतं. आई गेल्यावर विलासनं, तुमच्या जावयानं, विष्णुपुरीच्या घरात माझा जुना कम्प्युटर जोडून दिला, त्यात अंतराळात यान चालवायचा तो खेळ घातला आणि वर यान वळवायचा एक दांडा विकत आणला. आठ दिवसांत पोरखेळ म्हणून कंटाळाल असं मी त्याला पैजेवर सांगितलं होतं. तुम्ही दांडा हातात धरून दोन-तीनदा हलवून पाहिलात आणि म्हणालात, "स्टेरिंग न्हाई, पर गाडीच हाय ही."

त्या खेळात लोक लढाया करतात, माल वाहतात, टोळ्या करून हिंडतात. तुम्हाला त्यातलं काही नको होतं. तुम्हाला नुसतं लांब जायचं होतं, एकट्यानं, जिथं आजवर कुणी गेलं नाही तिथं. सकाळी दहाला बसायचात, एकला उठून जेवायचात. एकतीस वर्षं त्याच रस्त्यावर त्याच थांब्यांना थांबलेल्या माणसाला बिनथांब्याचा रस्ता मिळाला होता, आणि मी त्याला वेड म्हणत होते.

खेळाचा एक नियम आहे आणि सगळं त्याच्यावरच अडलेलं होतं. कुणीच न पाहिलेल्या ताऱ्यापाशी तुम्ही पहिल्यांदा पोचलात तर त्या ताऱ्याला तुमचं नाव लागतं, कायमचं, जगभरच्या खेळणाऱ्यांना दिसेल असं. पण ते लगेच लागत नाही. नोंद यानातच राहते. यान धडपणे माणसांच्या एखाद्या स्थानकात आणून ती नोंद जमा केली, तरच नाव लागतं. वाटेत यान फुटलं तर तुम्ही तिथं गेलाच नव्हतात. तुम्ही अकरा महिने बाहेर होतात आणि एकदाही स्थानकाला लागला नव्हतात. मधे कुठं तरी जमा करा म्हणून मी किती डोकं फोडलं. तुमचं एकच, "फेरी पुरी झाल्याबिगर डेपोत कशाला जायचं?"

खेळात तुम्ही नाव घेतलं होतं केरबा. तुमचं खरंच नाव, पण ते वापरात होतं कुठं? डेपोत तुम्ही ड्रायव्हर, गल्लीत अण्णा, आणि आई जन्मभर 'अवो' म्हणत राहिली. आज्जी गेल्यापासून तुम्हाला केरबा म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. ते नाव आता एका खरचटलेल्या यानात, कुठल्या तरी फाईलमध्ये, अर्धवट पडून होतं. यान फुटलं असतं तर नावही गेलं असतं.

तुमचा फोन मंगळवारी आणि शनिवारी दुपारी चारला. मी कॉलेजातून येऊन पेपर तपासायला बसलेली असायचे. फोन स्पीकरवर, हातात लाल पेन. तुम्ही सांगत राहायचात, आज निळा तारा लागला, आज दोन तारे एकमेकांभोवती फुगडी घालताना दिसले, आज गाडी डावीकडं ओढून राहिली. मी "हां अण्णा, बरं अण्णा" म्हणत फिजिक्सच्या उत्तरांवर काट मारायचे. तुम्हाला कळत होतं मी ऐकत नाही ते. तरी सांगत होतात.

त्या मंगळवारी तुमचा आवाज नेहमीपेक्षा हलका होता.

"बॉडी घासली जरा," तुम्ही म्हणालात.

किती, मी विचारलं.

"सतरा राहिली."

शंभरातली सतरा. मी पेन खाली ठेवलं. मग एकेक करून काढून घेतलं तुमच्याकडून. त्या ग्रहाची ओढ पृथ्वीच्या तिप्पट होती. पडद्यावर तसं लिहिलेलं होतं, तुम्ही वाचलंही होतंत. तरी खाली उतरताना तुम्ही इंजिन जवळजवळ बंद केलंत, कारण उताराला इंजिन कशाला? डिझेलचा अ‍ॅव्हरेज बोर्डावर लागायचा तेव्हा दर महिन्याला पहिल्या तिघांत असणारा माणूस तुम्ही. उतार दिसला की तुमचा हात आपोआप न्यूट्रलकडं जायचा. यान हलकं राहावं, एका उडीत लांबच्या ताऱ्यावर जावं, म्हणून त्याच्याभोवतीचं संरक्षणाचं कवचही तुम्ही निघतानाच काढून ठेवलं होतंत. दगडासारखं पडलं ते. मी तुम्हाला वर्गातल्या पोरांना सांगते तसं वजन आणि वेग समजावून सांगायला लागले.

"बालाघाटाचे उतार उतरलेला माणूस हाय मी," तुम्ही म्हणालात.

आणि मग मी ते बोलले. "अण्णा, तुमचा अंदाज गेला आता. गाडी सोडा."

मी फक्त त्या खेळाबद्दल बोलत नव्हते, हे तुम्हाला कळलं. आई गेल्यापासून आपला वाद चालूच होता, लातूरला येऊन राहा, एकटं राहायचं वय नाही, पडलात-झडलात तर कोण आहे? तुम्ही दर वेळी विषय बदलायचात, धरणाचे दरवाजे उघडले म्हणायचात, काकूंनी भाजी दिली म्हणायचात. त्या दिवशी मला हातात पुरावा मिळाल्यासारखं झालं आणि मी तो वापरला. ड्रायव्हरला 'तुझा अंदाज गेला' म्हणणं म्हणजे काय, हे ड्रायव्हरच्या लेकीला माहीत नसेल तर कुणाला असणार? माहीत होतं. तरी म्हणाले.

तुम्ही म्हणालात, "बरं. ठेवतो, माय."

शुक्रवारी सकाळी दुधाची पिशवी दारातच राहिली म्हणून शेजारच्या काकूंनी कडी वाजवली. शनिवारी चार वाजता मी फोन हातात घेऊन बसले होते. सगळे माझ्याकडं बघत होते.

सगळे पाहुणे गेल्यावर मी तुमचा कम्प्युटर लातूरला आणला आणि लावला. यान होतं तिथंच होतं, पडलं त्या जागी, इंजिन बंद. शेवटचं कधी चालवलं ते खेळ दाखवतो. मंगळवार. म्हणजे बुधवारी आणि गुरुवारी दहा ते एक तुम्ही तिथं बसलाच नाहीत. अकरा महिन्यांत असं एकदाही झालं नव्हतं. अण्णा, मला एवढंच सांगा, तुम्ही गाडी नुसती उभी केली होतीत की माझं ऐकून सोडली होतीत? बरं वाटत नव्हतं म्हणून बसला नाहीत की लेक म्हणाली म्हणून? डॉक्टर म्हणाले त्यांना आधी दोन दिवस छातीत दुखत असणार. दुसरा कुणी असता तर त्यानं ह्यात समाधान मानलं असतं.

विलास म्हणाला, मी आणतो ते यान, मला सवय आहे. मी नको म्हटलं. माझ्या बोलण्यानं थांबलं असेल तर मीच हलवणार. फुटलं तर, त्यानं विचारलं. फुटलं तर फुटलं, मी म्हटलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्याले.

मग मी एका उत्तरपत्रिकेचा कोरा कागद घेतला आणि तुम्ही फोनवर जे जे सांगितलं होतंत ते आठवून लिहायला बसले. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अकरा महिने तुम्ही माझ्याशी गप्पा मारत नव्हतात. गाडी सांगत होतात. पायरीवर उभं राहून, आठवड्यातून दोनदा. शंभराच्या आसपास फोन झाले असतील. मला एकोणीस वाक्यं आठवली. माझ्या वर्गात एवढ्यावर मी कुणाला पास केलं नसतं.

रोज कॉलेजातून आले की पाच ते सात मी बसायचे. पहिल्याच दिवशी घात होता होता राहिला. त्या जड ग्रहावरून उठायचं होतं. एकोणिसांतलं तिसरं वाक्य होतं, "आदी सरळ वर घ्यायची, मग पुढं." मी सरळ वर घेतलं, पण दांड्याला हात जरा जास्त लागला, नाक कललं आणि शेपूट जमिनीला आपटलं. सतराचे बारा झाले. विलास मागं उभा होता, त्यानं खुर्चीची पाठ घट्ट धरली. मी पुन्हा सरळ केलं आणि वर, वर, नुसतं वर नेलं, ग्रह पायाखाली वाटीएवढा होईपर्यंत.

पुढचे काही दिवस बरे गेले. एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर उडी, तिथं ताऱ्याच्या कडेनं जाऊन टाकी भरायची, परत उडी. मी नकाशावर घराकडं सरळ रेघ मारली होती. तुम्ही गेलात ती वाट वळणावळणाची होती, मला तेवढा धीर नव्हता. मग एका उडीनंतर पडदा एकदम पांढरा झाला. दोन तारे, एकमेकांना चिकटलेले, आणि मी त्यांच्या मधोमध. यान तापायला लागलं, आकडा उतरायला लागला, बारा, अकरा, दहा. आणि मला तुमचा आवाज ऐकू आला, अगदी जसाच्या तसा, मी तेव्हा कुणाच्या तरी पेपरावर गुणांची बेरीज करत होते, "फुगडीत सापडलीस तर बघत बसू नको, जिथं अंधार हाय तिकडं तोंड कर." मी अंधाराकडं तोंड केलं. नऊवर थांबलं. त्या दिवशी मी कागदावर विसावं वाक्य लिहिलं आणि टेबलावर डोकं ठेवून रडले. कुठं कुठं साठून राहिलं होतं, अण्णा, म्हणजे मी ते ऐकलेलं होतं.

पण सगळंच ऐकलं नव्हतं. चौथ्या आठवड्यात मंद, विझत आलेले तारे लागले. त्यांच्याकडून इंधन मिळत नाही. मी अंतराचा हिशोब करून निघाले होते, दोन-तीन असतील असं धरलं होतं. सात निघाले. टाकी पावाच्याही खाली गेली. आवाक्याच्या अगदी टोकाला एक पिवळा तारा होता. काटा खरं बोलत असेल तर कसंबसं पोचणार होते. काटा खोटं बोलत असेल तर यान मधल्या अंधारात कायमचं उभं राहणार होतं, तुमच्या अकरा महिन्यांसकट. आणि ह्या काट्याबद्दल तुम्ही मला सांगायला घेतलं होतंत. मला तो दिवस आठवतो. तुम्ही म्हणालात, "टाकीचं एक ध्यानात ठेव, माय..." आणि दाराची बेल वाजली, गॅसवाला होता, मी म्हटलं, अण्णा, नंतर सांगा. नंतर तुम्ही दुसरंच काही सांगितलंत.

मी तीन दिवस यानाला हात लावला नाही. वर्गात शिकवताना फळ्यावर आकडे चुकायला लागले. विलास म्हणाला, माहितीतले खेळणारे आहेत, मदतीला बोलावता येतं. एवढ्या लांब यायला त्यांनाही दिवस लागले असते, पण आले असते. आपल्या भांडणात मी नेहमी हेच म्हणायचे, सोबत घ्या कुणाला तरी. आता माझ्यावर वेळ आली तर मला सोबत नको होती. तुमचं लांब जाणं मला पहिल्यांदा आतून समजलं. एकटं असलं की चूक आपली असते आणि वाटही आपली असते. चौथ्या दिवशी मी उडी घेतली.

पोचले. टाकीचा आकडा लाल, भोंगा वाजत होता, तारा समोर पण अजून लांब. मी एकेक करून सगळं बंद केलं, दिवे, यंत्रं, आतली हवासुद्धा, आणि होता तेवढ्या वेगावर यानाला जाऊ दिलं. न्यूट्रलवर. तुम्हाला हसू आलं असेल. मलाही आलं, पण नंतर, टाकी भरायला लागल्यावर. तुमच्या त्या सवयीवर मी मंगळवारी पाऊण तास व्याख्यान दिलं होतं. ती त्या ग्रहावर चुकीची होती, ह्यावर मी अजून ठाम आहे. इथं तिनं वाचवलं, हेही कबूल करते.

आणि मग स्थानक. कवच नसलेलं, नऊ उरलेलं यान, आणि ते स्थानक म्हणजे एक फिरतं प्रचंड पिंप, त्याला आत जायला एक अरुंद चीर. आत-बाहेर लोकांची यानं सुसाट चाललेली. मला आत यायची परवानगी मिळाली ती दहा मिनिटांची, आणि घड्याळ उलटं चालू झालं. मी चिरेसमोर गेले आणि आतून एक भलं मोठं यान अंगावर आलं. त्याचा धक्का तर सोडाच, नुसती कड लागली असती तरी संपलं होतं. विलास म्हणाला, जा, वेळ संपतोय. मी थांबले. अरुंद पुलावर समोरून ट्रक आला की तुम्ही कशी गाडी बाजूला घ्यायचात, मी लहानपणी तुमच्या मागच्या सीटवर बसून पाहिलेलं होतं. मागचे प्रवासी ओरडायचे, तुम्ही आरशात बघायचातसुद्धा नाही. मी त्या यानाला जाऊ दिलं. त्याच्यामागून आणखी एक आलं, त्यालाही जाऊ दिलं. तीन मिनिटं राहिली. मग मी चिरेत घातलं. उजवी बाजू घासली. नऊचे चार झाले. माझे हात घामानं इतके ओले होते की दांडा निसटत होता. खाली उतरायचा चौकोन दिसला, त्यावर आकडा होता, त्याच्या बरोबर वर आणलं आणि आहिस्ता, आहिस्ता, इंजिन चालू ठेवून, खाली सोडलं.

चाकं टेकल्याचा आवाज आला. विलास मागच्या पलंगावर मटकन बसला.

नोंद जमा करायची एक खिडकी असते. तिथलं बटण दाबायला मला बराच वेळ लागला. ते दाबलं की तुमची फेरी संपणार होती, आणि मला ती संपायला नको होती. पण फेरी अर्धी ठेवणं तुम्हाला आवडलं नसतं. मी दाबलं.

यादी उघडली. एकेक तारा, आणि त्याच्यापुढं, पहिल्यांदा पोचणारा: केरबा. केरबा. केरबा. मी विलासला वाचून दाखवायला लागले, निळा कोणता, फुगडीवाले कोणते, आणि माझाच आवाज मला ऐकू येईना. तुमचं नाव मी आयुष्यात तोंडानं उच्चारलं नव्हतं. त्या संध्याकाळी किती वेळा उच्चारलं ते मोजलं नाही. यादी लांब होती, पानांमागून पानं सरकत होती, अकरा महिने सरकत होते. मग तो करडा, जड ग्रह आला, आणि मला वाटलं, झालं, इथं संपलं.

संपलं नव्हतं. त्याच्याखाली मला ओळखीचे तारे दिसायला लागले. मी ज्यांच्या मधोमध सापडले होते ते दोन चिकटलेले तारे. ते सात विझत आलेले. टोकाचा तो पिवळा. माझ्या सरळ रेघेवर आजवर कुणी आलेलंच नव्हतं, हे मला वाटेत सुचलंही नव्हतं. यान तुमचं, खातं तुमचं. मी गुडघ्यावर कागद ठेवून एकेक मोजला. एकेचाळीस तारे तुम्ही गेल्यानंतर शोधलेत, अण्णा. यादी वरपासून खालपर्यंत केरबाची आहे, आणि मधे ड्रायव्हर बदलला हे तिच्यात कुठंच कळत नाही.